तीन वेळा बेल वाजवा

दाराला बेल एकच, पण आत बिऱ्हाडं पाच. कुणासाठी किती वेळा दाबायची ते शेजारच्या कागदावर लिहिलंय. तुम्ही तीनदाच दाबा. चौथ्यांदा बोट गेलं तर दार उघडतील त्या आजीबाई, आणि त्यांना गाण्याबिण्याचं कौतुक नाही. मिलिशियाला, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन करायला त्या मागेपुढे पाहणार नाहीत.

1982 चा ऑक्टोबर, लेनिनग्राड. पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर, एक संडास. चाळीत वाढला असाल तर जास्त सांगायला नको.

बूट काढा. दाराशी तीसेक जोड पडलेत, सगळे काळे आणि सगळे ओले. आपले नीट ध्यानात ठेवा. कोट पलंगावरच्या ढिगात टाका. नाकात पहिल्यांदा शिरतो तो ओल्या लोकरीचा वास, भिजलेल्या कुत्र्यासारखा. त्यावर परतलेला कांदा, त्यावर ‘बेलोमोर’ सिगारेटींचा धूर, जो उद्या केस धुतले तरी जायचा नाही. बाहेर हाडं गोठताहेत आणि इथे रेडिएटरनं पाठ भाजतेय. खिडकी उघडायची नाही, आवाज रस्त्यावर जाईल. टोपी फिरत आलीय. एखादा रूबल टाका आणि गप्प बसा. परवान्याशिवाय मैफलीचे पैसे गोळा करणं इथे गुन्हा आहे.

अशा घरगुती मैफलीला ‘क्वार्तिर्निक’ म्हणतात. बसायला जागा? तुमच्या बरगडीत कुणाचा तरी कोपर आहे, मांडीवर कुणाचा तरी ग्लास. त्यातली गोडसर स्वस्त पोर्टवाइन एक घोट घ्या, दुसरा घेऊ नका.

सोफ्याच्या कडेला गिटार घेऊन बसलाय तो व्हिक्टर त्सोई. वीस वर्षांचा, काळे कपडे, हनुवटी किंचित पुढे. वडील कोरियन वंशाचे, आई रशियन. लाकडावर नक्षी कोरायला शिकलेला. त्याच्या बँडचं नाव ‘कीनो’, म्हणजे सिनेमा. ड्रम नाहीत, खालचे लोक छताला झाडू ठोकतील. कुणीतरी सुटकेसवर थापट्या मारतंय.

आता ऐका. गाण्याचं नाव ‘एलेक्त्रीच्का’, म्हणजे इथली लोकल. गाण्यात एक झोपमोड झालेला माणूस दाराजवळच्या बोळकांडीत उभा आहे आणि गाडी त्याला नको तिकडे नेतेय. बस, एवढंच. सूर जवळजवळ हलतच नाही, गिटार रुळांच्या सांध्यांसारखी एकाच लयीत खडखडत राहते. हा मुलगा ओरडत नाही, रडत नाही; जाड आवाजात, स्टेशनांची नावं सांगावीत तसा गातो. दुसऱ्या फेरीला तुमचीही मान हलायला लागते. सकाळची 7.52 पकडून आयुष्य काढलेल्या माणसाला हे गाणं समजायला रशियन यावं लागत नाही.

गंमत म्हणजे त्याचं नशीबही लोकलमध्येच उघडलं. पीटरगोफच्या एका कार्यक्रमाहून परतताना त्यानं गाडीत एक-दोन गाणी म्हटली आणि ती ‘अक्वारियम’ बँडच्या बोरिस ग्रेबेन्शिकोव्हच्या कानावर पडली. त्याच्याच मदतीनं पहिला अल्बम झाला, आंद्रेइ त्रोपिलोच्या स्टुडिओत, जो चक्क मुलांच्या एका सरकारी तंत्र-छंद केंद्रात गुपचूप चालायचा. अल्बमची लांबी पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास, म्हणून नाव ‘45’. दुकानात शोधू नका. कोपऱ्यात ते स्पूलचं यंत्र फिरतंय ना, तेच दुकान. एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तुमच्या हाती येईल त्या प्रतीत निम्मं गाणं आणि निम्मी खरखर. माझ्या मते ‘एलेक्त्रीच्का’ हे गाणं तसंच ऐकावं, धुऊनपुसून नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. पाठीमागचा रेडिएटर ज्या तऱ्हेच्या बॉयलरखान्यातून तापतोय, तशाच एका ठिकाणी, ‘कामचात्का’ म्हणतात तिथे, तो काही वर्षांनी कोळसा ओढेल, कारण या देशात नोकरी नसणं हाच अपराध. मग ‘रक्तगट’ हा अल्बम येईल, ‘सुई’ नावाचा सिनेमा येईल, मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम भरेल. तिथे हे गाणं हरवूनच जाईल; ते एवढ्याशा खोलीच्या मापाचं आहे. आणि 15 ऑगस्ट 1990 ला लात्वियातल्या एका रस्त्यावर त्याची गाडी बसवर आदळेल. वय अठ्ठावीस.

बोलू नका. तो आत्ता गिटारची खुंटी पिळतोय आणि कुणाकडे तरी काडी मागतोय. तुमच्या खिशात असेल तर द्या.

आणि निघा. नेव्हा नदीवरचे पूल मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी उचलतात. पलीकडच्या तीराला जायचं असेल तर मग सकाळपर्यंत अडकाल. बूट डावीकडून तिसरे.