दुसरी प्रत कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी माझ्या कवितांचे संकेतस्थळ एका रात्रीत नाहीसे झाले. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर मी भाड्याने जागा घेतली होती, तिने कळवले, ‘यंत्र बिघडले. प्रत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची.’ मी संतापलो. पण त्या अटी मीच न वाचता मान्य केल्या होत्या. पुढे स्ट्रासबर्गच्या आगीची हकिकत वाचली आणि असे भोळे आपण एकटेच नाही, हे कळले.

स्ट्रासबर्ग हे फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचे, ऱ्हाईनकाठचे शहर. तिथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरच्या इमारती एकाच आवारात उभ्या होत्या. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांतल्या पाच मजली इमारतीला आग लागली. सुदैवाने कुणी दगावले नाही. पण ती इमारत भस्मसात झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला. लाखो संकेतस्थळे बंद पडली. आग आपोआप विझवणारी यंत्रणा तिथे नव्हती, हे नंतर चौकशीत उघड झाले.

कंपनीच्या संस्थापकांनी त्याच रात्री ग्राहकांना सल्ला दिला, ‘आपली आपत्कालीन योजना सुरू करा.’ ज्यांच्याकडे योजनाच नव्हती, त्यांनी काय सुरू करायचे? ‘रस्ट’ या संगणकीय खेळाच्या युरोपातील सर्व्हरवरची माहिती कायमची गेली.

काहींनी तर प्रत ठेवण्यासाठी वेगळे पैसे मोजले होते. अशा एका ग्राहकाची प्रत मूळ माहितीबरोबर त्याच इमारतीत जळाली. प्रकरण न्यायालयात गेले. आगीपुढे आमचा इलाज नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. लिल येथील व्यापारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो फेटाळला. प्रत मूळ जागेपासून अलग ठेवू, असे करारात लिहिले होते. मग ती एकाच छपराखाली कशी?

मला या प्रकरणातून जबाबदारीची वाटणी उमगली. इमारत, वीज, दाराचे कुलूप आणि लेखी दिलेला शब्द, हे सारे कंपनीकडे. परवलीचा शब्द जपणे, जुनी प्रणाली वेळेवर अद्ययावत करणे आणि आपली एक प्रत आपल्या हाताशी ठेवणे, हे सहसा आपल्याकडे. भाडे भरले म्हणजे काळजीही दुसऱ्याच्या गळ्यात घातली, असे होत नाही. म्हणून आधीच विचारावे : प्रत कुठे ठेवता? ती परत उघडून कधी पाहिली होती?

माझ्या कविता कशा वाचल्या, तेही सांगतो. सोलापूरला राहणाऱ्या माझ्या आपाला मी दर ईदला नव्या कविता हाताने लिहून पाठवत असे. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या घडी घालून ठेवलेल्या निघाल्या. सगळ्या नाहीत, ज्या वर्षी पाठवायचा कंटाळा केला, त्या वर्षीच्या गेल्या. त्यांचा दोष मी कुणाला देऊ?