सुट्या भागांची मोटार

बोरीवलीत बाभई नाक्याजवळच्या एका बैठ्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एक हिरवी, उघडी, दोन माणसांची मोटार उभी असते. लांबट बॉनेट, दोन्ही बाजूंना वाटोळे सुटे दिवे, पुढच्या चाकावरून उतरत मागे आलेले मडगार्ड आणि पाठीवर टांगलेले जादा चाक. रस्त्याने जाणारी माणसे थांबून विचारतात, "कुठल्या सालची हो?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. तिची चासी १९६५ सालची, बॉडी १९८६ सालची आणि रूप मात्र १९५० सालच्या इंग्लिश एमजी मोटारीचे.

मी इतिहासाची पदवीधर नाही. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी खऱ्या किती, हे तपासायला म्हणून ग्रंथालयात जाऊ लागले आणि कचेरीतली नोकरी सांभाळून गेली पंचवीस वर्षे मुंबईतल्या मोटारींच्या नोंदी जमवते आहे. ही हिरवी गाडी आमच्या शेजारच्या काकांनी स्वतः बांधली. ब्रेकमधली हवा कशी काढायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. तीन वर्षांपूर्वी काका गेले. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचा एक दलाल काकूंकडे आला. फायबरची बॉडी काढून टाका, मी मूळ बॉडी शोधून बसवतो, मग गाडी 'व्हिंटेज' म्हणून चांगल्या किमतीला जाईल, असे तो म्हणाला. काकूंनी मला बोलावून विचारले, "अगं, तू एवढी जुनी कागदपत्रं वाचतेस, मग सांग ना, ही गाडी आहे तरी काय? खरी की खोटी?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा लेख झाला.

सुरुवात मुंबईपासूनच करायला हवी. भारतातला मोटार-उद्योग मोटारी बनवण्याने सुरू झाला नाही, तो खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडण्याने सुरू झाला. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आधी क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकी गाड्यांची जोडणीच झाली. महिंद्रांच्या विलीज जीपही मुंबईत अशाच जोडल्या गेल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जोडणी थांबवावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. म्हणजे पाव शतक या शहरातले कामगार परदेशी मोटारी पेटीतून काढून पान्याने उभ्या करत होते आणि त्या गाड्यांना कोणी खोट्या म्हणत नव्हते.

इंग्लंडमध्ये हेच काम हौशी माणसांच्या गॅरेजात गेले, ते करामुळे. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही हलकी उघडी गाडी आणली आणि ती संच म्हणूनही विकली. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून गाडी सोडवायची कशी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत जाई, असा किस्सा सांगतात. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीकडे गेले. ती आजही त्याच घाटाची गाडी बनवते.

जुन्या गाड्यांच्या नकला निघाल्या त्याही याच वाटेने. एमजीच्या टीसी, टीडी, टीएफ या उघड्या गाड्या १९४५ ते १९५५ या दशकातल्या. त्या दुर्मीळ झाल्यावर अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलच्या तळावर एमजीसारखी फायबरची बॉडी बसवू लागले. बीटलची बॉडी बोल्ट काढले की तळापासून सुटी होते, म्हणून ती सोयीची. पण तिचे इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारे, त्यामुळे या नकलांच्या पुढच्या जाळीमागे रेडिएटरच नसे.

काकांना हे मासिकांतून कळले होते. आपल्याकडे बीटल मोजक्या. रस्तोरस्ती होती ती फियाट, पण फियाट अकराशेला वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा, बॉडी कापली की गाडीच संपली. उरली स्टँडर्ड हेराल्ड. मूळ ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली कॉव्हेंट्रीत निघाली, तेव्हा तिच्यासाठी अखंड बॉडी दाबून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला होता. म्हणून कंपनीने जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवली. इंग्लंडमध्ये पुढे कितीतरी नकला याच चासीवर उभ्या राहिल्या. ही गाडी मद्रासला १९६१ पासून बनू लागली. एका कंपनीची अडचण अशी कामाला आली, की पंचवीस वर्षांनी बोरीवलीतल्या एका माणसाला आपली मोटार बांधता आली.

काकांनी १९८४ साली खाऱ्या हवेने बॉडी खाल्लेली एक हेराल्ड भंगाराच्या भावात घेतली. जुन्या मोटारींच्या रॅलीत आलेल्या एका एमजीची मापे, मालकाला विचारून, सुतळीने घेतली. लाकडी पट्ट्या आणि प्लास्टर यांचा साचा केला, त्यावर फायबरचे कापड आणि रेझिन यांचे थर चढवले. पावसाळ्यात रेझिन नीट सुकत नाही, म्हणून दोन पावसाळे काम बंद राहिले. पुढच्या जाळीमागे मात्र रेडिएटर खरा आहे, याचा काकांना फार अभिमान.

ही गाडी सांभाळताना दिसणारी आणि असणारी अशा दोन गाड्या सांभाळाव्या लागतात. फायबरमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याची एक तार बॉडीला टेकवली की काम होते, इथे प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार लागते. दिवा मंदावला की बल्ब बदलण्याआधी ती तार घासायची. पुढच्या चाकांच्या उभ्या दांड्याला खाली पितळी ट्रनियन असतो. मेकॅनिक सवयीने त्यात ग्रीस भरतात, पण तिथे गिअरचे ९० नंबरचे ऑइलच हवे. ग्रीस घट्ट बसते, आट्यांत पाणी राहते, दांडा गंजतो आणि एके दिवशी चाक आडवे होते. उजव्या आणि डाव्या ट्रनियनचे आटे उलटसुलट असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना भाग शोधताना हे ठाऊक नसेल तर फेरी फुकट जाते.

चालवतानाही मूळ गाडी आपला स्वभाव सोडत नाही. हेराल्डची मागची चाके आडव्या पाट्यांच्या एकाच स्प्रिंगला टांगलेली असतात. वळणावर अचानक अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहते. फायबरची बॉडी हलकी, त्यामुळे मागचा भाग वर उचललेला राहून हा धोका वाढला होता. काकांनी स्प्रिंगचे दोन पाटे कमी केले तेव्हा गाडी खाली बसली. "वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही," हे त्यांचे वाक्य घोडबंदर रस्त्याच्या प्रत्येक वळणावर मला आठवते. उलट बाभईच्या गल्ल्यांत ही गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते, कारण जेमतेम पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणे ही हेराल्डची ख्यातीच होती. बेस्टची बस शेजारी थांबली, की तिच्या चाकाचे नट आपल्या डोळ्यांसमोर येतात.

आता काकूंचा प्रश्न. गाडीच्या आरसी बुकात १९८६ सालची एक शाईची ओळ आहे: बॉडी बदलली, उघडी, दोन आसनी. खाली सही आणि शिक्का. तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता. त्याच्या कलम ३२ नुसार मालकाने बदल करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि मंजुरी घ्यायची. गाडी मालकाची आणि ती सुरक्षित आहे की नाही हे पाहणे सरकारचे काम, अशी ती व्यवस्था. १९८८ च्या कायद्यातही कलम ५२ सुरुवातीला याच वळणाचे होते. ऑगस्ट २००० पासून ते बदलले. कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असा नवा नियम आला. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. मला यातली मोठी घटना ही वाटते, की गाडी कशी असावी हे सांगण्याचा अधिकार मालकाकडून कंपनीकडे गेला. यामागे कारणे आहेत. आडव्या झालेल्या चाकाने रस्त्यावरचा तिसराच माणूस मरू शकतो. पण काकांसारख्या माणसाची वाट त्या दिवशी बंद झाली, हेही खरे.

नंतर ही हौस कारखान्यांपुरती उरली. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रेनॉचे इंजिन असलेली 'सॅन स्टॉर्म' ही फायबरची दोन आसनी गाडी निघाली. अलिबागजवळ कार्ले खिंडीत गिडो बोथे यांच्या चिंकारा कंपनीने लोटस सेव्हनच्या घाटाची, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन असलेली रोडस्टर बनवली. एखाद्या माणसाने नवे वाहन स्वतः बनवून रस्त्यावर आणायचे, तर आज पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. घरच्या अंगणातून तिथवर पोचणे सोपे नाही.

राहिला दलालाचा 'व्हिंटेज'चा सल्ला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कामांपुरता. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आपली चासी वयात बसते, बॉडी बसत नाही. दलाल म्हणतो तशी दुसऱ्या हेराल्डची बॉडी आणून बसवली, तर तीही जोडलेलीच गाडी होईल. फरक एवढाच, की आजची गाडी आपली हकिगत आरसी बुकात उघड सांगते आणि ती दुसरी लपवील. मी काकूंना म्हटले, "तुम्हाला विकायची असेल तर विका, त्यात काही गैर नाही. पण आहे तशी विका. खोटी ती दुसरी होईल, ही नाही."

काकूंनी विकायची नाही असे ठरवले. अडचण मात्र संपलेली नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि यंदा ते आहे. नोंदी संगणकात गेल्या तेव्हा 'हेराल्ड, सलून' एवढेच गेले, शाईची ओळ गेली नाही. पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे आमची गाडी बेकायदा बदललेली ठरते. त्या काळच्या कायद्याने रीतसर दिलेली मंजुरी नंतरच्या नियमाने पुसली जात नाही, असे माझे वाचन आहे. मी वकील नाही. आरसी बुकाच्या त्या पानाची साक्षांकित प्रत, काकांनी जपलेली पोच आणि कायद्याचे जुने कलम जोडून अर्ज केला आहे. गाडी प्रत्यक्ष दाखवायला बोलावले आहे ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. त्याआधी ट्रनियनमध्ये ऑइल भरायचे आहे आणि उजव्या मागच्या दिव्याची अर्थिंगची तार पुन्हा घासायची आहे.