जुन्या मोटारीचे दोन इतिहास

जुनी वस्तु जतन करावयाची म्हणजे तिची नेमकी कोणती अवस्था जतन करावयाची, हा प्रश्न देवळाच्या जीर्णोद्धारांत जसा उभा राहतो, तसाच तो जुन्या मोटारीच्या दुरुस्तींतही उभा राहतो. अमेरिकन मोटारी पूर्ववत् करणें हा श्रीमंतांचा छंद, असें म्हणून आपण तिकडे पाहत नाहीं. पण त्या गाड्यांच्या बिघाडांत आपल्याच प्रांताच्या इतिहासाचीं कांहीं पानें दडलेलीं आहेत.

वाशीमचेंच पाहा. वऱ्हाडांतील हा जुना बासीम जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुनः स्वतंत्र झाला. कारंज्यास मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गाची अरुंद आगगाडी लाभली; खुद्द वाशीम गांवास मात्र रूळ दिसले ते स्वातंत्र्यानंतर. कापसाचा पैसा जवळ, रस्ते धुळीचे आणि आगगाडी दूर, अशा मुलुखांत उंच बांध्याच्या व साध्या यंत्राच्या अमेरिकन मोटारीचें मोल काय असेल, तें सांगावयास नको.

या मोटारी मुंबईहून येत. तेथें फोर्डनें १९२६ त व जनरल मोटर्सनें १९२८ त शिवडीस कारखाना काढला. पेट्यांतून आलेले सुटे भाग तेथें जोडले जात. फोर्डचा ब्रिटिश साम्राज्यांतील व्यापार बव्हंशीं कॅनडांतील शाखेकडे होता, आणि आपल्याकडील गाड्यांचें स्टिअरिंग उजवीकडे असे. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट आज दुरुस्ती करणाऱ्यास घाम फोडते. पिस्टन, गॅस्केट, ब्रेकचे भाग अमेरिकेंत हौशी लोकांसाठीं अजून तयार होतात. पण उजव्या हाताची स्टिअरिंगपेटी किंवा डॅशबोर्ड तेथील गाडीचा चालत नाहीं. मग मुंबईचा चोरबाजार धुंडाळावा, नाहीं तर त्याच जातीची एखादी मृत गाडी शोधावी!

इतर कामें पैशापेक्षां हातावर अवलंबून असतात. १९२९ सालीं निघालेल्या शेवरलेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनांत बेअरिंगच्या जागीं मऊ पांढरी धातु ओतलेली असे. ती झिजली म्हणजे वितळवून काढावी, नवी ओतावी, लेथवर मापास आणावी व शेवटीं हातानें खरवडून बसवावी लागते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असे. त्यास वाळवी लागली तर लोहाराआधीं सुतारास बोलवावें लागतें.

पुढें १९५३ सालीं, जो येथें गाडीचे भाग क्रमाक्रमानें घडवील त्यासच धंदा करतां येईल, असें धोरण ठरलें. आणि १९५४ पर्यंत दोन्ही परदेशी कंपन्यांनीं येथील जुळणी बंद केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनें क्रायस्लरच्या सहकार्यानें कुर्ल्यास काम चालू ठेवलें; पण आयातीवरील निर्बंधांमुळें सुटे भाग दुर्मिळ झाले. तेव्हां गाड्या चालत्या ठेवल्या त्या मिस्त्रींनीं. त्यांनीं लेथवर बुश कातले, ट्रकचे भाग मोटारींना बसवले, आणि पेट्रोल परवडेना तेव्हां कित्येक गाड्यांच्या पोटांत डिझेल इंजिनें घातलीं.

येथेंच खरा पेंच आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें, आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहनच त्यांत बसतें. नियम गैर नाहीं. कोठें तरी मर्यादा घालावीच लागते. परंतु या कसोटीनें कारखानदाराचा इतिहास मान्य होतो आणि मिस्त्रीचा पुसला जातो. मूळ इंजिन मिळतांच जुनें डिझेल इंजिन भंगारांत जातें. त्याच्यासाठीं कोणीं पट्ट्या कशा जोडल्या, गिअरपेटीशीं तें कसें जुळवलें, हेंही त्याबरोबर जातें.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, गाडी पूर्ववत् खुशाल करावी. पण काढलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं मोजावा, त्याचें छायाचित्र घ्यावें, त्यास चिठ्ठी बांधून तो जपून ठेवावा, आणि तो बसवणारा वृद्ध मिस्त्री हयात असेल तर त्याच्यापाशीं बसून सर्व हकीकत लिहून घ्यावी. कारखान्याचीं माहितीपत्रकें अमेरिकेंत जपून ठेवलेलीं आहेत. मिस्त्रीची विद्या मात्र त्याच्या हातांतच आहे, आणि ती त्याच्याबरोबरच जाणार आहे.