थोरली पाती, धाकटी पाती

1921 चा उन्हाळा. तुम्ही देवासला, या गावातल्या दोन राज्यांपैकी थोरल्या पातीच्या मोटारखान्यात उभे आहात. मागे चामुंडेची टेकडी तापलेली. महाराज तुकोजीराव पवारांकडे सध्या एक इंग्रज चिटणीस आला आहे, ई. एम. फॉर्स्टर. बागा, मोटारी आणि वीजघर एवढं सगळं त्याच्या गळ्यात आहे. आज तो इकडे फिरकणार नाही, तेव्हा तुम्ही खुशाल हँडलला हात घाला.

समोर आपण फोर्डची मॉडेल टी ठेवू. त्या काळी जगात हिच्याइतकी दुसरी गाडी विकली जात नव्हती.

‘अहो साहेब, अंगठा काढा!’ मिस्त्री ओरडतो. ‘बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं फिरलं तर मनगट जाईल.’

तो स्टिअरिंगखालची डावी दांडी वर सारतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. तुम्ही हँडल वर ओढता. आधी ते मोकळं फिरतं, मग एका जागी जड होतं. आतून कुणी तळहात लावून धरल्यासारखं. मिस्त्री हसतो. तेच कॉम्प्रेशन.

आता त्या जड जागेचा हिशेब. पिस्टन तळाला असतो तेव्हा एका सिलिंडरमध्ये सुमारे 967 घनसेंटीमीटर जागा असते. तो माथ्यावर आला की उरतात 243. तांब्याभर हवा-पेट्रोल फुलपात्रात कोंबायचं, इतकंच. देवासकराला हे शिकवायला पाटी-पेन्सिलही नको: एक थोरली जागा, एक धाकटी. थोरलीला धाकटीनं भागा. 3.98 येतात, म्हणजे जवळपास चारास एक. हाच कॉम्प्रेशनचा आकडा.

इथे चांगले शिकलेलेही चुकतात. पिस्टन जेवढी जागा चालून येतो तेवढीच, म्हणजे 724, ते 243 नं भागतात आणि तीनावर येऊन थांबतात. पण धाकटी जागा थोरलीच्या पोटातच असते, ती मिळवूनच भागायचं. देवासचीही वाटणीच: 1728 साली तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून देवासच्या दोन पात्या निघाल्या आणि एकाच गावात दोन राज्यं नांदली. इंजिनातली वाटणी मात्र जितकी विषम तितकी फायद्याची. कागदावरच्या आदर्श इंजिनात चारास एक असेल तर उष्णतेतला सुमारे 43 टक्के भाग कामी येतो, दहास एक असेल तर 60. खऱ्या इंजिनाच्या पदरात यापेक्षा बरंच कमी पडतं, पण चढण तीच.

आणखी एक घोळ. ‘कॉम्प्रेशन गेलंय’ असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा हा आकडा कुठेही गेलेला नसतो. रिंगा झिजलेल्या असतात किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतो, म्हणून दाब टिकत नाही. जागा तीच, गळती नवी.

मग फोर्डनं चारावरच का भागवलं? चला, आग्रा-मुंबई रस्त्याला लागू. डावी दांडी खाली ओढा, ठिणगी लवकर पडू द्या. गाडी खुलते. चढ लागतो, आणि बॉनेटखालून आवाज येतो, जात्यात खडा आल्यासारखा. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं दाबलेलं, तापलेलं मिश्रण आपसूक पेटतं आहे. याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल हलक्या प्रतीचं असेल तर जास्त दाबलेलं त्याला सोसत नाही, म्हणून चार. तुमचा डावा हात दांडी वर सारतो. खडखड थांबते; जोरही थोडा जातो.

फॉर्स्टर त्याच वर्षाच्या अखेरीस देवास सोडतो. 9 डिसेंबरला तिकडे अमेरिकेत, डेटनच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालून पाहतो आणि खडखड बंद पडते. पुढं इंजिनांचे आकडे चढत गेले. ते शिसं धुरातून लोकांच्या रक्तातही चढलं. भारतातून शिशाचं पेट्रोल हटायला 2000 साल उजाडलं. इतका महाग पडलेला शोध मोटारींच्या इतिहासात दुसरा शोधावा लागेल.

डोळे उघडा. 1986, धार जिल्हा, पिथमपूर. एका बाजूला कायनेटिक होंडाच्या स्कूटर, दुसरीकडे मित्सुबिशीच्या साथीनं आयशरचे ट्रक. ट्रकच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग शोधू नका, नसतोच. डिझेल इंजिनांत नुसती हवा सोळा ते बावीस पट दाबतात. ती एवढी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. देवासला जी आपसूक आग तुम्ही दांडी सारून टाळलीत, तिच्यावरच इथे पोट चालतं. दाबताना आत इंधनच नसतं, म्हणून अकाली पेटायचं भय नाही. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाडजूड.

आणि शेवटी 2021. त्याच पिथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या लंबगोल ट्रॅकवर, तुम्ही पेट्रोल गाडीत बसला आहात. आकडा दहाच्या वर. सिलिंडरच्या ठोकळ्याला चिकटलेला एक छोटा सेन्सर जात्यातला तो खडा ऐकत बसला आहे. तुम्ही पेडल दाबता. तुमच्या कानी काही पडायच्या आत संगणक ठिणगी किंचित मागे घेतो. स्टिअरिंगखाली डावीकडे हात नेऊन पाहा. तिथे आता वायपरची दांडी आहे.