वजनाची जुनी व्हाउचरं

संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी चुकली तरी आमच्या शाखेत कोणी घरी जात नाही. माझ्या वजनाचा हिशेब मात्र गेली वीस वर्षं जुळलेला नाही आणि त्यापायी मी एक दिवसही उशिरा घरी गेलेलो नाही. मी बी.कॉम. आहे. जमा जास्त, खर्च कमी, की शिल्लक वाढते, हे मला कुणी शिकवायला नको. तरी सगळे शिकवतात. पेन्शन न्यायला येणाऱ्या आजीबाईसुद्धा पासबुक सरकवता सरकवता "भात सोड रे बाबा" म्हणून जातात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "वजन किती?"

"ऐंशीच्या आसपास."

"कुठल्या बाजूने?"

काट्यावर उभं केलं. एक्याण्णव! साखर काठावर, रक्तदाब काठाबाहेर, गुडघ्यांची तक्रार वेगळी. घोरण्याबद्दलचा अहवाल सौ.ने तोंडी सादर केला.

तूट सापडेना की आम्ही बँकवाले जुनी व्हाउचरं काढतो. मीही काढली.

सगळ्यात जुनं निघालं चरकसंहितेचं. त्यात निंद्य शरीरांचे आठ प्रकार सांगितलेत. अतिउंच, अतिठेंगणा यांच्या पंक्तीला अतिस्थूलही बसवलाय. कारणंही दिली आहेत : जड-गोड खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं, नेहमी आनंदात असणं आणि कसलीच काळजी न करणं. पहिली तीन मी निमूट कबूल करतो. पण नेहमी आनंदात असल्याचा आरोप माझ्यावर आमच्या मॅनेजरनेही कधी केलेला नाही, आणि घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी असताना काळजीचं कलम मला लागू होत नाही. यादीच्या शेवटी मात्र एक शब्द आहे : बीजस्वभाव. म्हणजे आईबापाकडून आलेलं. तिथे मी थबकलो. का, ते पुढे सांगतो.

दुसरं व्हाउचर लंडनचं. विल्यम बँटिंग हा राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीतला गृहस्थ. इतरांना शेवटच्या प्रवासाला लावणाऱ्या या माणसाला स्वतःचा जिना उतरवेना. १८६२ साली उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. माझ्यापेक्षा एकच जास्त! बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून जिना पाठमोरा उतरावा लागे. रस्त्यात लोक टोमणे मारत. त्याने नदीत होडी वल्हवली. भूक वाढली आणि वजनही वाढलं. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. या विल्यम हार्वेने पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्यानं ऐकली होती. त्याने कान सोडून तोंडाला कुलूप लावलं : पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे, बिअर बंद, मांस-मासे चालू. वर्षभरात ४६ पौंड उतरले.

१८६३ साली बँटिंगने स्वखर्चाने पुस्तिका छापून फुकट वाटली. डॉक्टरमंडळी रागावली, अंत्ययात्रावाल्याने वैद्यकात नाक खुपसावं? पण त्याचं नाव क्रियापद होऊन बसलं. मला त्याच्या पथ्यापेक्षा धैर्य भावलं. माणसाने स्वतःचं पासबुक चव्हाट्यावर मांडलं! पुढे तो ८१ वर्षांचा होऊन गेला.

आता अलीकडची कागदपत्रं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबी मुकाट पडून राहत नाही, मेंदूला शिल्लक कळवत असते. ती घटली की मेंदू घाबरतो, भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो. थोडक्यात, पैसे काढायची स्लिप परत करणारा एक खडूस हेडक्लार्क आतच बसलेला आहे. दर जानेवारीत उतरलेले माझे पाच किलो मार्चअखेर परत का जमा होतात, ते तेव्हा कळलं. २०२१ साली अमेरिकेत वजनासाठी मंजूर झालेलं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन या हेडक्लार्कची समजूत घालतं. पण ते थांबवलं की बरंचसं वजन व्याजासारखं परत येतं.

आमचा काडीपैलवान कॅशियर मला हसतो. त्याने पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ सालचा 'लॅन्सेट'मधला फोटो बघावा. शेजारी ब्रिटिश डॉक्टर यूडकिन. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याचंही ऑडिट करावं लागतं.

आता बीजस्वभाव. माझे वडील जाड होते. लग्नाच्या पंगतीत लोक म्हणायचे, "अप्पांना दोन पाट द्या." अप्पा दोन भाकऱ्यांवर उठत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, तर भेटायला आलेली मंडळी म्हणाली, "जिभेवर ताबा नव्हता." मी काही बोललो नाही.

लहानपणी स्टेशनवर अप्पा वजनाच्या यंत्रात नाणं टाकायचे. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. अप्पा भविष्य मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि वजन न बघताच तिकीट खिशात घालायचे. ते डॉक्टरकडेही असेच गेले नाहीत. लोकांच्या हसण्याने त्यांचं वजन छटाकभरही उतरलं नव्हतं. फक्त काटा तेवढा दुरावला होता.

परवा मी एक वही घातली. पहिली नोंद : ९१.

सौ.ने वाचली. "खरं लिहिलंत?"

"खरं."

अप्पांच्या तिकिटाची गोष्ट तिला ठाऊक आहे. पान उलटून म्हणाली, "आणि भविष्य?"

म्हटलं, "आधी वजन तर वाचू दे."