दीक्षाभूमीवरील अन्नदान

नागपूर येथे प्रतिवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनास जमणाऱ्या यात्रेकरूंसाठी होणारी विनामूल्य भोजन-पाण्याची व्यवस्था. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या अनुयायांपैकी अनेकांनी घरची शिदोरी बरोबर आणली होती. पुढे स्थानिक मंडळे व कर्मचारी संघटना यांनी भोवतालच्या रस्त्यांवर मंडप घालून पुरी-भाजी, मसालेभात, वरण-भात वाढण्याची प्रथा रूढ झाली. बौद्ध परंपरेत दान ही दहा पारमितांतील पहिली होय. तथापि या प्रथेचे मर्म केवळ धर्मग्रंथांत शोधणे अपुरे ठरेल. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल ज्यांना मारहाण सोसावी लागली, त्यांच्याच वारसांनी मांडलेल्या पाण्याच्या पिंपापाशी कोणासही जात विचारली जात नाही. भाजीच्या चवीपेक्षा इतिहासकाराने याची नोंद आधी घ्यावी. पंगत अशी नसते. रांगेत उभे राहून पत्रावळ घ्यायची व जागा मिळेल तेथे बसायचे. मंडपांलगतच ग्रंथविक्रीची दुकाने असतात आणि तेथील गर्दीही भोजनाच्या रांगांइतकीच दाट असते.