कोल्हापूरकरांचा समुद्र

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब आठ दिवस जुहूस जाऊन राहिलो होतो. बरोबर चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. पैकी थोरला सात वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. पहिल्याच संध्याकाळी वाळूवर पाऊल पडताच धाकटीने आईचा हात घट्ट धरला. थोरल्याने पुष्कळ वेळ समोर टक लावून पाहिले आणि विचारले, "आजोबा, ह्या रंकाळ्याचा पलीकडचा काठ कुठं आहे?" जवळचे एक दोन गृहस्थ हसले. परंतु कोल्हापुरात जन्मलेल्या मुलापाशी पाण्याचे दुसरे माप ते कोणते असणार! पलीकडे अरबस्तान आहे, असे आम्ही सांगितले. त्यावर क्षणभर थांबून त्याने दुसरा प्रश्न केला, "मग आपल्या कोल्हापूरला समुद्र का नाही?" आपण घाटावर राहतो म्हणून, असे उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते उत्तर अपुरेच नव्हे, तर चुकीचे आहे, हे आमच्या ध्यानात आले. कोल्हापूरला समुद्र होता. तो गेला, आणि पुढे पाऊणशे वर्षांनी कोल्हापूरकरांस जो समुद्र पुन्हा लाभला तो निराळा, निराळ्या वाटेने आणि निराळ्या कामासाठी लाभला. ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सलग सांगत नाही, म्हणून येथे सांगण्याचे योजिले आहे.

इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढे अठराव्या शतकात हा किल्ला व मालवण बंदर करवीरच्या गादीकडे होते. ह्याचा अर्थ असा की, ज्या गादीची राजधानी पंचगंगेच्या काठी, तिची गलबते खाऱ्या पाण्यावर फिरत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून आपला हक्क वसूल करीत होती. इंग्रज ह्याला चाचेगिरी म्हणत. आपल्या किनाऱ्यावरून जाणाराने आपले दस्तक घ्यावे, ही आंग्र्यांपासून चालत आलेली रीत मालवणकरांच्या दृष्टीने चाचेगिरी नव्हती. पण तोफा ज्याच्या मोठ्या त्याचाच शब्द कोशात राहतो. इ. स. १७६५ त इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नावही देऊन टाकले, आणि पुढल्या वर्षी पैशाचा करार करून तो करवीरकरांस परत केला. हा परतीचा सौदा टिकला तो पन्नास वर्षेही नाही. ता. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने करवीर दरबारने मालवण बंदर व सिंधुदुर्ग कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. त्या दिवशी कोल्हापूरचा समुद्र गेला. शाळेच्या पुस्तकात ह्या तहाला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

गेला म्हणजे नकाशावरून गेला, व्यवहारातून नव्हे. आंबा, अणुस्कुरा, फोंडा ह्या घाटांनी बैलांचे तांडे पूर्वीप्रमाणेच चढतउतरत राहिले. कोल्हापूरचा गूळ, तंबाखू, धान्य खाली राजापूरच्या बाजूस जाई, आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. तेव्हा ज्याला समुद्र ठाऊक होता तो व्यापाऱ्याला, तांडेवाल्याला, फार तर यात्रेकरूला. बायकामुलांना घेऊन समुद्रावर जावे, वाळूत बसावे आणि काही न करता परत यावे, ही कल्पनाच त्या पिढ्यांना समजली नसती. समुद्रस्नान होते, पण ते पुण्याकरिता. आणि पर्वकाळाखेरीज सागराला स्पर्श करू नये, असा धर्मशास्त्राचा संकेतही होता. हवा खाण्याची हौस ज्याला असे तो पन्हाळ्यास जाई. पन्हाळा अवघ्या पाच सहा कोसांवर, शिवाय वाटेत जोतिबाचा डोंगर; तेव्हा हौस आणि देवदर्शन एकाच खर्चात होई.

समुद्रावर सहज म्हणून जाणे ही मूळची युरोपातलीही जुनी चाल नव्हे, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. इंग्लंडातील ब्रायटन हे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोळ्यांचे गाव होते. रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने इ. स. १७५० त समुद्रजलाच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि श्रीमंत रोग्यांची रीघ त्या किनाऱ्याकडे लागली. हे वैद्यराज रोग्यांस समुद्रात बुडवीतच, पण वर ते पाणी पाजीतही असत. राजपुत्र आला, त्यामागे दरबारी आले. १८४१ त लंडनहून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर सामान्य कारकुनाची पोरेबाळे आली. पोरे आल्यावर औषध मागे पडले आणि वाळूचे किल्ले पुढे आले. हिंदुस्थानात हीच हकीकत अर्ध्या शतकाच्या अंतराने घडली. फरक एवढाच की, आपल्याकडे ती 'हवापालट' ह्या शब्दाच्या आडून आली. निव्वळ मौजेसाठी पैसा खर्च करणे मध्यमवर्गीय गृहस्थास अवघड वाटे. मुलाचा खोकला हटत नाही, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आहे, असे म्हणता आले की मन मोकळे होई.

आता नाताळ. ज्यांच्या घरी ख्रिस्तजन्माचा दिवा लागत नाही अशा लक्षावधी कुटुंबांनी ह्या सणाची सुटी आपलीशी केली, हा एक गमतीचाच भाग आहे. त्याचे कारण कोर्टकचेऱ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्रजी अमलातील कोर्टे बंद राहत, आणि वकील, मुनसफ, शिक्षक ह्यांना तेवढीच मोकळीक असे. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या २८ डिसेंबरास भरले ते ह्याच सोयीने. ते खरे पुण्यास व्हावयाचे. पटकीची साथ आली म्हणून मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत न्यावे लागले. त्या बहात्तर सभासदांनंतर पुढे दरसाल शेकडो माणसे ह्याच आठवड्यात प्रवासास निघू लागली. आमच्या मते घराबाहेर आठ दिवस राहण्याची सवय आपल्या सुशिक्षितांना देवयात्रेच्या खालोखाल लावली ती ह्या सभेने. प्रथम पुरुष एकटा गेला. मग थोरल्या मुलाला घेऊन गेला. मग केव्हातरी सभा वगळून नुसतेच जाणे झाले.

कोल्हापूरकरांस हे शक्य झाले ते १८९१ त. त्या वर्षी कोल्हापूर-मिरज हा सत्तेचाळीस किलोमीटरांचा लोहमार्ग दरबारच्या खर्चाने पुरा होऊन खुला झाला. शाहू महाराजांच्या काळातील ह्या मार्गाने शहराचे किती कल्याण केले, हे सर्वश्रुत आहे. त्याने केलेली एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही: त्याने कोल्हापूरची पाठ कोकणाकडे फिरविली. आंबा घाटाने रत्नागिरीचा समुद्र सव्वाशे ते दीडशे किलोमीटरांवर आहे. आगगाडीने मुंबईचा समुद्र पाचशेहून अधिक. तरी पुढील तीन चार पिढ्यांना समुद्र म्हणजे मुंबईचाच, असे होऊन बसले. कोल्हापुराहून घाट उतरून कोकणात जाणारी आगगाडी अजूनही धावलेली नाही. १९७१ त ह्या बाजूचा मार्ग रुंद होईपर्यंत पुण्यास गाडी बदलावी लागे. वळकट्या, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि झोपलेली मुले एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यावयाची, हा प्रकार आमच्या स्वतःच्या लहानपणीचा आहे. मिरजेची लहान गाडी आणि मुंबईची मोठी गाडी हा भेद आम्हास वर्णमालेआधी कळला होता.

आणि मुंबईचा समुद्र तरी कोणता? गिरगावची चौपाटी जवळची. पण डॉक्टरांना हवी असलेली हवा साष्टीत. जुहू हे मुळात साष्टीच्या पश्चिमेस असलेले वाळूचे एक चिंचोळे बेट. ओहोटीच्या वेळी चालत जाता येई. उत्तरेकडे भंडारी, आगरी, कुणबी ह्यांची वस्ती, दक्षिणेच्या टोकास कोळी. माहीमचा बांध १८४५ त झाला, साष्टीच्या पश्चिम भागातून जाणारी रेल्वे १८६० नंतरच्या दशकात आली, १८९६ च्या प्लेगने शहरातील माणसे उत्तरेकडे लोटली, आणि १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. तेव्हा कोठे जुहू हे मुंबईचे झाले. १९२४ च्या मार्चात, पुण्याच्या ससून रुग्णालयातील शस्त्रक्रियेनंतर सुटका झालेले गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी येथेच येऊन राहिले होते. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू त्यांच्याशी वाद घालावयास आले आणि किनाऱ्यावरच्या एका बंगलीत मुक्काम करून राहिले. कौन्सिलप्रवेशाचा वाद मिटला नाही. परंतु पोहणे आणि वाळूवरून घोडा पळविणे यथास्थित झाले, असे जवाहरलालजींच्या आत्मचरित्रावरून दिसते. पुढे १९२८ पासून जवळच्याच सखल जमिनीवर विमाने उतरू लागली. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन १५ ऑक्टोबर १९३२ रोजी उतरले ते तेथेच.

त्या सुमारास आमचे आजोबाही एकदा नाताळात तेथे गेले होते. त्यांची खर्चाची वही आमच्यापाशी आहे. आमच्या धाकट्या काकांना खोकला धरला होता; समुद्राची हवा सांगितली गेली; पार्ल्यास दूरचे एक नातेवाईक होते, त्यांच्याकडे दोन्ही मुलांना घेऊन आजोबा दहा दिवस राहिले. वही मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात आहे. टांगा, शहाळी, औषध, दाढी, 'मुलांस घोडा दोन आणे', 'मुलांस घोडा दोन आणे', पुन्हा 'मुलांस घोडा दोन आणे'. दुसऱ्या आठवड्यात औषधाची ओळ नाहीशी होते, घोड्याची राहते. काका बरे झाले असावेत, किंवा औषधाचा कंटाळा आला असावा. ह्या वहीचा आम्हास मोठा अभिमान वाटे, आणि सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून तीवर एक लेख लिहावा असेही मनात होते.

जुहूच्या मुक्कामात एके रात्री ही वही आम्ही सूनबाईंस वाचून दाखविली. ती ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "ह्यात आजींचा खर्च कुठं आहे?"

आजीचा खर्च नाही, कारण आजी गेलीच नव्हती. घरात देव होते, सोवळ्यातल्या सासूबाई होत्या, दुभती म्हैस होती, पाळण्यात एक मूल होते. आजारी मुलाची काळजी घेण्यासाठी आईने बरोबर जावे, हे कोणास सुचले नाही. सुचले असले तरी ते वहीत नाही. ती जन्मभर कोल्हापुरात राहिली आणि समुद्र न पाहता वारली. मुलांनी तिच्यासाठी शिंपले आणले होते. ते तिने एका पितळी डब्यात घालून फडताळात ठेविले होते, आणि आम्ही नातवंडे फार हट्ट करू लागलो की ती तो डबा काढी. एक मोठा शंख होता, तो कानाला लावून ती आम्हांस म्हणे, "ऐका, असा असतो म्हणे समुद्र." त्या 'म्हणे'कडे आमचे इतकी वर्षे लक्ष गेले नव्हते. वही पन्नास वेळा वाचली, पण सूनबाईंनी पहिल्याच वेळी जे पाहिले ते आम्हास दिसले नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यास आम्ही मालवणची गोष्ट सांगितली. दिवाळीत अंगणात किल्ला करण्याचा त्याला सराव. त्याने ताबडतोब ओल्या वाळूचा सिंधुदुर्ग रचावयास घेतला. बुरूज चांगले साधले होते. धाकटीने शिंपल्यांच्या तोफा मांडल्या. भरती चढली तशी पहिली लाट तटाला लागली आणि दुसऱ्या लाटेत किल्ला बसला. मुलगा रडला नाही, रागावला. खरा सिंधुदुर्ग का पडला नाही, असे त्याने विचारले. त्याच्या पायात शिसे ओतले होते, असे सांगितल्यावर शिसे कोठे विकत मिळते ह्याची चौकशी सुरू झाली. पाण्याचा रंग पाहून सूनबाईंनी मुलांस गुडघ्यापलीकडे जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच केले. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या ह्या समुद्राचे पाणी रसेल वैद्यानेही कोणास पाजले नसते.

परतीच्या गाडीत धाकटी झोपेतही शिंपल्यांची पिशवी सोडीना. घरी आल्यावर ते शिंपले पितळी डब्यात जुन्यांबरोबर घातले; आता कोणते कोणाचे हे ओळखता येत नाही. पुढल्या नाताळात मालवणास जावयाचे ठरले आहे. ह्या खेपेस सुटीत स्वयंपाक कोणी करावयाचा, ह्याचा निकाल आधीच लागला आहे, आणि तो आमच्या व चिरंजीवांच्या विरुद्ध गेला आहे. गाडी गगनबावड्यावरून न्यावी की राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरावे, एवढा वाद घरात अजून चालू आहे.